जामनेरची अक्षरे किती?

‘जामनेर’ या शब्दात अक्षरे किती, असे चौथीतल्या पोराला विचारा. बोटांवर मोजून तो चार म्हणेल आणि फटाके उडवायला पळेल. हाच प्रश्न संगणकाला केला तर तो अठरा म्हणतो. जरा आदबीने विचारले तर सहा म्हणतो. आणि घाईत विचारलेत तर चक्क एकोणीस! गंमत अशी की, ही सगळी उत्तरे बरोबर आहेत, आणि ती बरोबर का, हे ज्याला उमगले त्याची मराठी वेबसाइट बनवण्यातली निम्मी डोकेदुखी गेली म्हणून समजा.

दिवाळी अंकात हा रुक्ष विषय कशाला, असे म्हणून कुणी पान उलटण्याच्या बेतात असेल, तर त्यांनी क्षणभर थांबावे. आज कोणत्याही सोसायटीत जा, एखादे चिरंजीव किंवा एखादी कन्या वेबसाइटी बनवण्याच्या धंद्यात असतेच. रात्री दीडला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे बडवीत बसलेले ते लेकरू नेमके करते काय, हे आईवडिलांना कळत नाही, आणि विचारले तर ‘तुम्हाला नाही समजायचं’ हे ठरलेले उत्तर मिळते. मी हाच धंदा जामनेरला, कांग नदीच्या काठी बसून करतो. तेव्हा चार गोष्टी थोरांना समजतील आणि चार धाकट्यांच्या उपयोगी पडतील, अशा बेताने लिहितो.

तो काळा पडदा म्हणजे टर्मिनल. तिथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत. हुकूम टंकायचा आणि एंटर दाबायचा. हे हुकूम म्हणजे कमांड. आणि स्निपेट म्हणजे ठेवणीतला तुकडा. सुगरणीच्या मिसळणाच्या डब्यात मोहरी, हळद, हिंग कसे हाताशी असतात, तसे पुन्हा पुन्हा लागणारे दोन-चार ओळींचे तुकडे हा धंदा करणारी मंडळी वहीत जपून ठेवतात. कमांड रोमन अक्षरांत द्यायच्या असतात, पण इथे मी त्या टेलिफोनवर सांगाव्या तशा बोलून दाखवणार आहे. ज्यांना टंकायच्या आहेत ते बरोबर टंकतील.

प्रथम मोजणी. मोजणाऱ्या कमांडचे नाव डब्ल्यू-सी. तिच्यापुढे आडवी रेघ आणि सी लिहिले की ती बाइट मोजते. बाइट म्हणजे संगणकाच्या कोठारातले एक माप. युनिकोडने जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक खुणेला एकेक क्रमांक दिला आहे. ‘जामनेर’मध्ये ज, काना, म, न, मात्रा आणि र अशा सहा खुणा. यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरी खुणेला तीन लागतात. सहा त्रिक अठरा. सीच्या जागी एम लिहिले की खुणा मोजल्या जातात, म्हणून सहा. आणि शब्द ‘एको’ या कमांडमधून पाठवला तर ती शेवटी ओळ संपल्याची एक खूण आपल्या पदरची घालते, म्हणून एकोणीस. ती टाळायची तर ‘प्रिंटएफ’ वापरावी. चौथीतल्या पोराचे चार हे उत्तर हवे असेल, तर जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल’ या घराण्यातला ‘सेगमेंटर’ बोलवावा लागतो. तो काना-मात्रा अक्षराला चिकटलेल्याच ठेवतो. जोडाक्षरे मात्र तो पूर्वी फोडून मोजत असे. ती सबंध धरावीत हा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. म्हणजे ‘क्षीरसागर’ या आडनावाच्या गृहस्थांना आपले पहिले अक्षर एकसंध मिळायला तिथवर वाट पाहावी लागली!

मोबाइलवरच्या साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरे मावतात आणि मराठीत लिहिले की ७० खुणांत संदेश भरतो, तेही याच जातीचे कारण. घरच्या वास्तुशांतीचे आमंत्रण मराठीतून धाडले आणि पैसे दुप्पट कापले गेले, तर नेटवर्कवाल्याच्या नावाने खडे फोडू नयेत.

आता पुढली युक्ती, जिच्यावर टर्मिनलवाल्यांचा फार जीव. ती म्हणजे उभी रेघ: | अशी. जुन्या पोथीतला दंडच जणू. पोथीत तो वाक्य थांबवतो, इथे तो पुढे वाहवतो. एका कमांडीतून निघालेले पुढच्या कमांडीत ओतायचे, हे तिचे काम. तिला पाइप म्हणतात. बागेतल्या रबरी नळीचे तुकडे एकमेकांना जोडावेत तसे प्रोग्राम जोडता आले पाहिजेत, अशी कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात मांडली. १९७३ साली केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये एका रात्रीत बसवली. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या जोडीत वाढलेल्या आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या पोरांना ही गोष्ट समजवावी लागत नाही. मुख्य नळी, उपनळी, मधे गाळणी, शेवटी थेंब, तोच हिशेब.

या नळीची एक कथा धंद्यात फार सांगितली जाते. १९८६ साली डोनाल्ड कनूथ या थोर पंडितांनी, मजकुरात कोणता शब्द किती वेळा आला हे मोजणारा प्रोग्राम लिहिला. कित्येक पानांचा, नक्षीदार. त्याचे परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा छोट्या कमांडी नळीने जोडून करून दाखवले. जगभरची पोरे ही कथा वाचतात, त्या सहा कमांडी वहीत उतरवतात, आणि मराठी मजकूर त्यात ओततात. निघते काय? एक रिकामी ओळ! कारण पहिलीच कमांड म्हणते, ए ते झेड यांखेरीज जे जे असेल ते पुसून टाक. तिच्या लेखी आपली सबंध भाषा म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा.

यात कुणाचा आकस नाही. ज्याने लिहिले त्याच्या पुढ्यात इंग्रजी होते, इतकेच. पण ठेवणीतला तुकडा उसना आणला तर तो कोणत्या चुलीवरचा आहे हे पाहावे, ही गोष्ट नव्या पोरांना कुणी सांगत नाही. मराठीसाठी पहिल्या कमांडीच्या जागी ग्रेप घालावी: आडवी रेघ, ओ आणि मोठा ई, मग अवतरणात उलटी तिरकी रेघ, मोठा एस, अधिकचिन्ह. याचा अर्थ, मोकळी जागा नसलेले जे जे सलग असेल ते एकेका ओळीवर काढ. पुढे | सॉर्ट | युनिक आडवी रेघ सी | सॉर्ट आडवी रेघ आर-एन. झाले. स्वल्पविराम शब्दांना चिकटून येतील, ते आधी पुसावेत.

याच आजाराची दुसरी खोड फॉर्मात दिसते. नाव लिहिण्याच्या चौकटीत ‘फक्त अक्षरे लिहा’ असा दरडावणीचा लाल मजकूर आपण सर्वांनी पाहिला असेल. मराठीत नाव लिहिले की तो हमखास उमटतो. हुशार पोरगा म्हणतो, मी युनिकोडची खूण वापरतो: उलटी तिरकी रेघ, पी आणि महिरपी कंसात मोठा एल, म्हणजे जगातल्या कोणत्याही लिपीचे अक्षर. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे युनिकोडच्या वर्गवारीत अक्षर नव्हेत, चिन्हे आहेत! त्यामुळे ‘कमळ’ पास होते आणि ‘जामनेर’ नापास. आणि नको ते गाळून टाकणारा प्रोग्राम असेल, तर ‘जामनेर’चे ‘जमनर’ होऊन बसते. तेव्हा एलच्या शेजारी मोठा एम असलेली तीच खूण चौकोनी कंसात जोडीने लिहावी आणि शेवटी यू हे अक्षर विसरू नये. दोन अक्षरांची भर, पण तेवढ्यावर सावित्री ‘सवतर’ होण्यापासून वाचते.

आता येतो ऱ. वाचकहो, जामनेरहून पाचोऱ्याला जायचे, एवढे साधे वाक्य टंकताना आमच्या तालुक्याचा माणूस सापळ्यात पाय घालतो. ‘ऱ्या’ हा चंद्रकोरीसारखा र टंकण्याच्या दोन रीती आहेत. एक, नुक्त्याचा ऱ आणि पाय मोडण्याची खूण. दुसरी, साधा र, पाय मोडण्याची खूण आणि मागोमाग एक अदृश्य जोडणारा, ज्याचा युनिकोड क्रमांक २००डी. युनिकोड पहिली रीत सांगते, पण जुन्याशी मेळ राहावा म्हणून दुसरीही चालू देते. कागदावर, पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द. एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले बहुधा सापडत नाही.

यात काय बिघडते? एक मासला सांगतो. भुसावळ तालुक्यात कुऱ्हे म्हणून गाव आहे, पानाचे कुऱ्हे. तिथले एक वयस्क शेतकरी माझ्याकडे आले. अनुदानाची एक यादी निघाली होती. ती कुणी काढली त्याचे नाव इथे नको. गावाचे नाव शोधाच्या चौकटीत घातले की शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे निघत, यांचे निघत नसे. खिडकीवरच्या माणसाने दोनदा पाहून ‘यादीत नाही’ म्हणून सांगितले होते. पहिल्यांदा गेले ते मजुरी बुडवून, दुसऱ्यांदा गेले ते मुलाची मजुरी बुडवून. ते हट्टाने म्हणत होते, ‘भाऊ, माझ्याबरोबर ज्यांनी कागद दिले त्यांचं आलं, मग माझं कसं नाही?’

यादी सर्वांसाठी खुली होती. ती उतरवून घेतली, गावांचा रकाना वेगळा काढला आणि नळी जोडली: सॉर्ट | युनिक आडवी रेघ सी. म्हणजे एकसारखी नावे एकत्र कर आणि प्रत्येकाची संख्या सांग. पडद्यावर कुऱ्हे दोनदा आले! एकापुढे एक्केचाळीस, दुसऱ्यापुढे सात. दिसायला काडीचा फरक नाही. दोन्ही ओळी ‘ओडी’ या कमांडीतून काढल्या, जी अक्षरांचा मुखवटा उतरवून आतले आकडे दाखवते. एकीच्या पोटात ई-२, ८-०, ८-डी असे तीन बाइट जास्तीचे निघाले. तोच तो अदृश्य जोडणारा. दोन माणसांनी दोन कळफलकांवर यादी टंकली होती, आणि सात माणसे त्या न दिसणाऱ्या खुणेच्या पलीकडे राहिली होती. त्यांत आमच्या काकांचे नाव होते. आकड्यांची छापील प्रत आणि यादीतला ओळक्रमांक त्यांच्या हाती दिला. ते बराच वेळ कागद न्याहाळत राहिले आणि म्हणाले, ‘एका गावाची दोन गावं! ही वाटणी कोनी केली हो?’

पुढच्या फेरीत काम झाले. पण उरलेल्या सहांना हे कुणी सांगितले असते? म्हणून माझा आग्रह आहे की, मराठी यादी ज्या कुणाच्या हातून जाते त्याने ही एक ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. कमांडीचे नाव सेड. तिला सांगायचे, साधा र, पायमोडकी खूण आणि २००डी असे तिघे सलग दिसले की त्या जागी ऱ आणि पायमोडकी खूण घाल, सबंध फायलीत. आडवी रेघ, आय, टिंब, बॅक असे आधी लिहिले की मूळ फाइल बाजूला शाबूत राहते. तसेच ‘ॲ’चे करावे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीची मंडळी अ वर चंद्र देऊन काम भागवत. दोन्ही तऱ्हा आजही यादीत नांदतात. युनिकोडची ‘नॉर्मलायझेशन’ म्हणून एक साफसफाई आहे, ती या दोन्ही जोड्यांना हात लावीत नाही. तेव्हा तिच्या भरवशावर राहू नये.

जुन्या मजकुराची गोष्ट याहून वेगळी. पाचोरा-जामनेर ही आमची ५६ किलोमीटरची छोटी गाडी पुष्कळांनी पाहिली असेल. अडीच फुटांच्या रुळांवर धावायची. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि लाइन ब्रॉडगेज करायचे ठरले. तिचे डबे मोठ्या लाइनीवर जात नसत. पाचोऱ्याला माल उतरवायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या फॉन्टांत टंकलेला जुना मजकूर असाच छोट्या लाइनीचा. आत रोमन खुणाच असतात, वर मराठी आकाराचा मुखवटा. फॉन्ट काढून घेतला की टाइपरायटरवरून मांजर चालून गेल्यासारखा मजकूर दिसतो. खुणांची अदलाबदल सेडने होते, पण पहिली वेलांटी अडवते. त्या फॉन्टांत ती डोळ्याला दिसते तशी अक्षराच्या आधी टंकलेली असते, आणि युनिकोडमध्ये उच्चारली जाते तशी अक्षरानंतर. मग सेडला सांगावे: आधी ि, मग [क-ह] यातले काहीही दिसले, तर दोघांची अदलाबदल कर. क ते ह या कक्षेत ळ आणि ऱ सुद्धा येतात. जोडाक्षर आले की आणखी एक ओळ लागते, आणि रफाराला उलट दिशेने मागे न्यावे लागते. हे काम वेळखाऊ आहे. एका संस्थेचे वीस वर्षांचे अहवाल मी असे पाचोऱ्याला उतरवून घेतले आहेत. पाठ दुखते, पण आनंद होतो.

मजकूर युनिकोडच असून पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए ओळीने उभा दिसला, तर घाबरू नये. देवनागरीच्या प्रत्येक खुणेचा पहिला बाइट एकच असतो. यूटीएफ-८ वाचताना संगणकाने भलतीच पद्धत धरली की तोच बाइट एच्या रूपाने नाचतो. पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत ‘चारसेट यूटीएफ-८’ची ओळ असावी, एवढे पुरते. ही यूटीएफ-८ पद्धतही त्याच केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्या समवेत १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली. ग्रेप त्यांची, नळी त्यांनी बसवलेली, आणि आपले मराठी वाहून नेणारी पद्धतही त्यांचीच. ऋण मोठे आहे.

अनुक्रमाचे सांगायचे राहिले. सॉर्टला नुसते सोडले तर ती युनिकोडच्या क्रमांकाने चालू शकते. तिथे ळ हा ल च्या पाठोपाठ बसला आहे. म्हणून ‘काळे’ आधी येतात आणि ‘कावळे’, ‘कासार’ नंतर. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर. जावास्क्रिप्टमध्ये ‘लोकेलकंपेअर’ला एम-आर ही मराठीची खूण दिली की तो मराठी क्रम लावतो. आकड्यांसाठीही तसेच. ‘टूलोकेलस्ट्रिंग’ला एम-आर, आडवी रेघ, आय-एन असे सांगितले की १२,३४,५६७ असा लाखांच्या स्वल्पविरामासकट मराठी आकडा हजर. उलटा प्रवास मात्र अवघड. मराठी आकडा जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला दिला की तो ‘ही संख्याच नव्हे’ म्हणतो. पायथनचा ‘इंट’ मराठी अंक निमूट वाचतो. पायथनला या बाबतीत मी दहापैकी दहा गुण देईन.

रूपाबद्दल दोनच शब्द. पानाच्या सुरुवातीला भाषा म्हणून एम-आर लिहावे. काही फॉन्ट तेवढ्यावर ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात. आणि मथळ्यातल्या अक्षरांत अंतर वाढवण्याची इंग्रजी हौस देवनागरीला करू नये. शिरोरेघ तुटते आणि शब्द पडक्या दातांसारखा दिसतो. ओळींत अंतर मात्र सढळ द्यावे, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार कापले जातात.

थोरांच्या माहितीसाठी एक धोक्याची सूचना. कुठून तरी उचललेली कमांड न वाचता चिकटवण्याची खोड पोरांना असते. आर-एम नावाची कमांड फायली पुसते, आणि तिच्यापुढे आडवी रेघ, आर-एफ असले की ती ‘नक्की का?’ असे विचारतही नाही. टर्मिनलला कचऱ्याची टोपली नसते. जिचा अर्थ तोंडाने सांगता येत नाही ती कमांड चालवू नये, एवढा दंडक मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना घालून दिला आहे.

शेवटी सणासुदीची एक युक्ती. चिरंजीवांनी किंवा कन्येने बनवलेली वेबसाइट दिवाळीला जमलेल्या मंडळींना दाखवायची आहे, पण ती अजून कुठे चढवलेली नाही. ज्या फोल्डरात ती आहे तिथे टर्मिनल उघडावे आणि लिहावे: पायथन-३, आडवी रेघ, एम, मग एचटीटीपी टिंब सर्व्हर. घरच्या घरी दुकान सुरू. त्या संगणकाचा घरच्या वायफायवरला पत्ता, पुढे अपूर्णविराम आणि ८००० हा आकडा, असे आत्याबाईंच्या मोबाइलमध्ये घातले की पान उघडते. फायरवॉलने परवानगी मागितली तर द्यावी. सर्वांनी वाहवा केली आणि फराळाला हाक आली की कंट्रोल आणि सी ही दोन बटणे एकदम दाबावीत. दुकान बंद होते.